गेटवरून परत फिरू नका

पुणे, 12 जानेवारी

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आप्पा म्हणाले, "आता आपलं काय काम तिथं?" मला काही बोलताच आलं नाही. फोनवर माझा गळा दाटतो आणि मग तुम्हीच मला समजावत बसता, म्हणून लिहिते आहे.

दिवाळीआधी तुम्ही दोघं लष्कराच्या कॅन्टीनला गेलात, गेटवर तासभर उन्हात थांबलात आणि एसटीनं परत आलात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. दादाच्या लष्करातल्या कागदांत आईच्या नावापुढं 'बाई' आहे, आधारवर नाही. त्या दोन अक्षरांवर अडलं. वर विचारलं, कार्ड कुणाच्या नावावर आहे? वहिनीच्या. मग तुम्ही कोण? आईनं काय उत्तर दिलं असेल, ते मला काकूंना विचारवलं नाही.

गेटवरच्या जवानाचा मला राग नाही. 2016 साली लष्करी तळांवर हल्ले झाले, आधी पठाणकोट, मग उरी, मग नगरोटा. कागद बघितल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, ही त्याची ड्यूटीच आहे. आपला दादाही थंडीवाऱ्यात असाच गेटवर उभा राहिलाय. पण नियम करणाऱ्यांनी पोरगं गेलेल्या म्हाताऱ्या आईबापाचा विचार आधी करायला हवा होता, हे मात्र मी ठासून म्हणेन. लग्न झालं की नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळचं माणूस, म्हणून बायकोचं नाव लागतं. ते बरोबरच आहे, तिच्या पदरात लेकरू आहे. पेन्शन तिची, कॅन्टीनचं कार्ड तिचं. पण त्यामुळं आईबाप परके होत नाहीत.

आई, तू म्हणशील की साखर, तेल गावातही मिळतं. मिळतं ग. तुम्ही तिथं साखरेसाठी जात नव्हता, हे मला ठाऊक आहे. आप्पा पिशवी घेऊन बाकावर बसायचे, कुणीतरी "काका, कुठली पलटण?" म्हणून विचारायचं आणि मग तासभर दादाचं बोलणं निघायचं. घरात आपण त्याचं नाव काढायला बिचकतो. तिथं मोकळेपणानं निघायचं.

दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेलो होतो, आठवतं? आप्पा, तुम्ही ग्रॅनाइटवरच्या त्याच्या नावावरून बोट फिरवत राहिलात. तिथं ना तिकीट, ना तुम्ही त्याचे कोण म्हणून चौकशी. रोज संध्याकाळी कुणा ना कुणा शहिदाच्या घरचं माणूस तिथं पुष्पचक्र वाहतं. दिल्लीत जे मिळालं, ते आपल्या मुलखात का मिळू नये?

आता करायचं ते सांगते. सैनिक टाकळीचे ते रिटायर्ड सुभेदार आहेत ना, त्यांच्याशी मी बोलले. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र नोटरीकडून करून घ्यायचं, जोडीला ग्रामपंचायतीचा दाखला. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं आणि तिथून अर्ज बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडं पाठवायचा. वेळ लागेल. पण आतल्या माणसानं आधी गेटवर नावं दिली तर एका दिवसाचा पास होतो, असं ते म्हणाले. ते स्वतः तुमच्यासाठी शब्द टाकणार आहेत.

आणि वहिनीला मी फोन केला. तुम्हाला न विचारता केला, रागावू नका. ती सांगलीला गेल्यापासून आपण तिला बोलवायला संकोचतो, आणि तिला वाटतं आपण तिच्यावर रुसलोय. गेटवरचं ऐकून ती रडली. म्हणाली, "मला एक फोन करायचा होता ताई, मी आले असते." पुढच्या वेळी ती पोराला घेऊन तुमच्यासोबत येणार आहे. आई, तूच तिला एकदा फोन कर. माझ्या सांगण्यापेक्षा तुझा आवाज ऐकून तिला बरं वाटेल.

4 फेब्रुवारीला मराठा दिवस. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस, रेजिमेंट दरवर्षी मानते. आपण सगळे बेळगावला सेंटरवर जाऊ या. दादाच्या कसम परेडला, ट्रेनिंग संपून त्यानं शपथ घेतली तेव्हा, तिथंच आप्पांच्या छातीवर गौरव पदक लावलं होतं. ते पोराच्या बापाला दिलं होतं, आप्पा, कार्ड बघून नाही. तिथं तुमचं काम नाही, असं पुन्हा म्हणू नका.

मी 2 तारखेला रात्रीच्या गाडीनं निघते. आईचं जुनं रेशनकार्ड आणि दादाच्या कागदांची पिवळी फाईल वर काढून ठेवा. पदक लोखंडी ट्रंकेत, आईच्या शालूखाली आहे. ते घासू नका, आहे तसंच असू दे.

तुमची,
ताई