रेडिंगच्या फ्लॅटची भरपाई

ती. स्व. दादास,
सा. न.

रेडिंगच्या फ्लॅटचे सगळे कागद वाचले. सगळं नुकसान फ्लॅट सांभाळणाऱ्या एजंटने भरून द्यावं म्हणतोस, ते टिकणार नाही. कार्पेट जाळलं भाडेकरूने. एजंटने करारातलं काम चुकवल्यामुळे जे पैसे हातचे गेले, तेवढेच त्याच्याकडून मागता येतात.

काम मात्र त्याने चुकवलंय. भाडेकरू राहायला आला तेव्हाच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांची स्थिती यांच्या यादीत, बेडरूमच्या कार्पेटपुढे नुसतं ‘चांगलं’ एवढाच शेरा; ना फोटो, ना भाडेकरूची सही. डिपॉझिट भाडेकरूचंच असतं, त्यातून काही कापायचं तर पुरावा घरमालकाने द्यायचा. डिपॉझिटच्या वादात लवादाने पूर्ण रक्कम भाडेकरूला परत दिली यात नवल नाही.

नव्या कार्पेटला 600 पौंड पडले म्हणून 600 मागू नकोस. जुन्याच्या बदल्यात नवं मिळत नसतं. कार्पेटचं आयुष्य 8 वर्षं धरलं आणि त्यातली 5 वापरून झालेली, म्हणजे हक्काचे 225.

बाथरूमची बाजू जास्त भक्कम आहे. टबच्या कडेचं सिलिकॉन सुटलं, पाणी झिरपत राहिलं, खालच्या फळ्या कुजल्या. करारात दर तीन महिन्यांनी पाहणी लिहिलीय आणि अख्ख्या वर्षाचा अहवाल एकच! काळी पडलेली, सुटलेली कड बघणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. सिलिकॉनचा खर्च तुझाच, पण फळ्यांचा जरूर माग. न झालेल्या पाहण्यांच्या कमिशनचाही परतावा माग. विम्याच्या भरवशावर राहू नकोस. हळूहळू झिरपलेलं पाणी बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

आधी एजंटला ईमेलने रीतसर तक्रार कर: कराराचं कलम, काय झालं नाही, किती रक्कम. 8 आठवड्यांत निकाल लागला नाही तर तो ज्या तक्रार निवारण योजनेचा सभासद आहे तिथे जा. इंग्लंडमध्ये 2014 पासून एजंटांना हे सभासदत्व सक्तीचं आहे आणि तुला फी पडत नाही. त्यांचा निर्णय तू मान्य केलास की एजंटला पाळावाच लागतो. नाही पटला तर 10,000 पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे कोर्टातल्या छोट्या दाव्यांचा, रस्ता आहेच. करारभंगाला मुदत 6 वर्षं. पण आधीच कोर्टात गेलास तर योजनावाले प्रकरणाला हात लावत नाहीत. वकील करू नकोस, स्मॉल क्लेम्समध्ये जिंकूनही त्याची फी सहसा वसूल होत नाही.

कार्पेटची मूळ पावती, सुताराचं बिल आणि एजंटच्या कराराची सर्व पानं स्कॅन करून पाठव. पावती सापडली नाही तर त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट चालेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा