मधल्या फळीतला मुलगा

कोबे, जपान
20 ऑक्टोबर 2024

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते की, तुमच्या कोबेला येऊन खेळलेला तो लहानखुरा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला फुटबॉलपटू, निवृत्त झाल्याचे पेपरात आले आहे, ते खरे का. मी बरेच काही सांगितले, पण त्यातले निम्मेसुद्धा बाबांना ऐकू गेले नाही, हे आईने फोन ठेवताना हळूच सांगितले. उद्यमनगरात लेथच्या आवाजात तीस वर्षे काढलेल्या कानांवर मी जोर देत राहिले, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून त्या हाफविषयी, आंद्रेस इनिएस्ताविषयी, जे सांगायचे होते ते सविस्तर लिहून पाठवत आहे. आईला फुटबॉलमधले सगळे बारकावे ठाऊक नसले तरी या पत्रातला बराच भाग तिच्याचसाठी आहे, तेव्हा दोघांनी मिळून वाचावे.

बातमी खरी आहे. बार्सिलोनात आणि इथे कोबेतही त्याच्या पाठीवर 8 हा आकडा असे, आणि 8 ऑक्टोबरलाच त्याने खेळ थांबवत असल्याचे जाहीर केले. वय चाळीस. स्पेनच्या आग्नेयेला आल्बासेते नावाचा कोरडा, द्राक्षमळ्यांचा प्रांत आहे. त्यातल्या फुएन्तेआल्बिया या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात 11 मे 1984 रोजी त्याचा जन्म झाला. वडील होसे आंतोनिओ गवंडीकाम करीत आणि आई मारिया आजोबांच्या बारमध्ये काम करी. पोराचे पाय चांगले आहेत हे गावात सगळ्यांना दिसत होते, पण शिकवायला गावात कोणी नव्हते, म्हणून सुमारे 45 किलोमीटरवरच्या आल्बासेते शहरातल्या क्लबात त्याला घातले. दिवसभर विटा रचून आलेला माणूस संध्याकाळी मुलाला सरावासाठी शहरात घेऊन जाई आणि रात्री परत आणी. आपल्या पेठेत असे किती बाप होते, हे बाबांना मी सांगायला नको.

1996 साली माद्रिदजवळच्या ब्रुनेते गावी लहान मुलांची स्पर्धा झाली. तिथे या बारा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहून बार्सिलोना क्लबचे बोलावणे आले. क्लबची मुले ज्या घरात राहत त्याला ‘ला मासिया’ म्हणतात. 1702 साली बांधलेले ते दगडी शेतघर आहे, आणि क्लबच्या मोठ्या स्टेडियमच्या अगदी कुशीत उभे आहे. बोलावणे आले तेव्हा मुलानेच आधी नको म्हटले होते. मग सप्टेंबरमध्ये आई-वडील त्याला घेऊन बार्सिलोनाला गेले, त्याची खोली लावून दिली आणि बाहेर पडले. तो दिवस आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस होता, असे त्याने पुढे जग जिंकल्यावरही सांगितले आहे. रात्री रडू यायचे, आणि रडू येते हे घरी फोनवर कळू द्यायचे नाही, असे त्याचे पहिले कित्येक महिने गेले.

आई, मला तुला सांगायची आहे ती गोष्ट त्याच रात्रीची आहे. ते दोघे त्या रात्री बार्सिलोनातच एका हॉटेलात थांबले होते. वडिलांना सहन होईना. सकाळी जाऊन पोराला परत घेऊन यायचे, असे त्यांनी मनाशी पक्के केले. त्यांना थांबवले ते मारियाने. त्याला निदान एकदा करून तर पाहू द्या, असे तिचे म्हणणे होते. एखाद्या खेळाडूला कोणी घडवले याची यादी करताना लोक प्रशिक्षकांची नावे घेतात. माझ्या मते त्या हॉटेलातल्या खोलीत, रडू आवरून नवऱ्याला अडवणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत सर्वांत वर असायला हवे.

हे प्रथम वाचले तेव्हा मला 1997 सालचा जून महिना आठवला. मीही बारा वर्षांची होते. पुण्याच्या वसतिगृहाच्या फाटकाशी बाबा माझी ट्रंक खाली ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभे होते आणि आई माझ्या वेणीची घट्ट बसलेली रिबीन सोडून पुन्हा पुन्हा बांधत होती. तुम्ही त्याच रात्री स्वारगेटवरून एसटीने कोल्हापूरला परत गेलात, कारण दुसऱ्या दिवशी बाबांची सकाळची पाळी होती. मी काय केले ते तुम्हाला माहीत आहे. त्या गाडीत तुम्ही दोघे काय बोललात, ते मात्र मला आजपर्यंत माहीत नाही.

आता बाबांच्या आवडीचा भाग. इनिएस्ताची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास, अंगापिंडाने अगदीच किरकोळ, वेगही डोळे दिपवणारा नाही. मग तो एवढा मोठा हाफ कसा झाला? बाबा, गल्लीत मला खेळवताना तुम्ही एकच गोष्ट घोकून घेत होता: चेंडू पायात यायच्या आधी मान फिरवून मागे पाहून घे. त्याचा सगळा खेळ याच पायावर उभा होता. चेंडू येत असताना त्याचे अंग अर्धे वळलेले असे, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच तो समोरच्या गोलकडे तोंड करून उभा राही आणि अंगावर आलेला माणूस चुकून त्याच्या पाठीमागे पडलेला असे. दोन माणसे दोन्ही बाजूंनी आली की तो चेंडू उजव्या पायाच्या आतल्या बाजूने डाव्या पायाकडे ढकली आणि त्याच क्षणी डाव्या पायाने पुढे काढी. दोघांच्या मधल्या हातभर फटीतून तो बाहेर पडलेला दिसे. स्पेनमध्ये या युक्तीला ‘क्रोकेता’ म्हणतात. त्याच्या आधी डेन्मार्कचा मिकाएल लाउद्रुप बार्सिलोनात ती करीत असे, आणि इनिएस्ता लहानपणी त्याचा भक्त होता. ला मासियात मुलांना गोल करून उभे करतात, मध्ये दोघांना ठेवतात आणि एका स्पर्शात चेंडू फिरवायला लावतात. दिसायला हा पोरखेळ वाटतो, पण कमी जागेत, कमी वेळात योग्य निर्णय घेण्याची सवय त्यातूनच अंगी मुरते.

1999 साली बार्सिलोनात पंधरा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात निर्णायक गोल बार्सिलोनाच्या मुलांचा कर्णधार असलेल्या इनिएस्ताने केला आणि त्याच्या हाती चषक दिला पेप ग्वार्डिओलाने, जो तेव्हा मोठ्या संघाचा मधल्या फळीतला आधारस्तंभ होता. त्याच सुमारास ग्वार्डिओलाने चावी नावाच्या आपल्या तरुण सहकाऱ्याला म्हटल्याचे प्रसिद्ध आहे की, तू मला निवृत्त करशील, पण हा मुलगा आपल्या दोघांनाही निवृत्त करील. तरी मोठ्या संघात यायला 29 ऑक्टोबर 2002 उजाडले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्याला जिथे जागा रिकामी असेल तिथे खेळवले गेले, कधी डाव्या कडेला, कधी बाकावरून उठवून उत्तरार्धात. 2006 सालच्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही तो मध्यंतरानंतरच मैदानात उतरला. याबद्दल त्याने आरडाओरडा केल्याचे माझ्या वाचनात कधीच आले नाही.

2009 सालच्या मे महिन्यात त्याच स्पर्धेत लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध बार्सिलोना हरण्याच्या बेतात असताना, 93व्या मिनिटाला पेटीबाहेरून मारलेल्या त्याच्या एका फटक्याने संघ अंतिम फेरीत गेला. तीन आठवड्यांनी मांडीच्या दुखापतीसह तो रोमला अंतिम सामना खेळला आणि जिंकला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की, या माणसाला आता काय कमी आहे. पण ऑगस्टमध्ये एस्पान्योल संघाचा कर्णधार दानी हार्के इटलीत सराव शिबिरात असताना अवघ्या सव्वीसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला. एस्पान्योल हा बार्सिलोनाचा गावातलाच कट्टर प्रतिस्पर्धी; पण हे दोघे स्पेनच्या लहान वयोगटांच्या संघांपासूनचे मित्र होते. दुखापत बरी होत नव्हती, त्यात हा घाव बसला, आणि इनिएस्ता नैराश्यात गेला. त्याने हे लपवले नाही. मानसोपचाराची मदत घेतल्याचे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्या दिवसांत एका मध्यरात्री तो आई-वडिलांच्या खोलीत आला आणि मला तुमच्याजवळ झोपायचे आहे, असे म्हणाला. पंचवीस वर्षांचा मुलगा असे म्हणतो तेव्हा त्याचे काहीतरी फार बिनसलेले असते, हे वडिलांनी तत्काळ ओळखले. बारा वर्षांचा असताना ज्यांनी काळजावर दगड ठेवून त्याला दूर ठेवले, त्यांच्याच अंथरुणाशी तो परत आला आणि त्यांनी त्याला जागा दिली, या एका प्रसंगापुढे मला त्याचे सगळे चषक लहान वाटतात.

त्यानंतरचे बाबांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 11 जुलै 2010, जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. आपल्याकडे तेव्हा बारा तारीख लागली होती. ब्राझील आणि अर्जेंटिना आधीच बाहेर गेल्यामुळे पेठेत सामने दाखवायला लावलेले निम्मे पडदे काढले गेले होते, तरी बाबा एकटे टीव्हीसमोर बसले होते, असे आईने मला सांगितले होते. नेदरलँड्सने इतका आडदांड खेळ केला की पंचांना दोन्ही संघांना मिळून चौदा पिवळी कार्डे दाखवावी लागली. जादा वेळेत, 116व्या मिनिटाला सहकारी फाब्रेगासने दिलेला चेंडू इनिएस्ताने एका टप्प्यावर घेतला आणि उजव्या पायाने तिरका जाळ्यात मारला. मग त्याने अंगातला निळा सदरा काढला. आत पांढऱ्या बनियनवर हाताने लिहिले होते: दानी हार्के, सदैव आमच्यासोबत. त्या सदऱ्यासाठीही पिवळे कार्ड मिळाले. डिसेंबरमध्ये तो एस्पान्योलच्या मैदानावर खेळायला गेला तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे सगळे प्रेक्षक उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. बाबा, आपल्या शाहू स्टेडियमवर एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या समर्थकांनी समोरच्या तालमीच्या खेळाडूसाठी असे उभे राहणे किती अवघड आहे, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ते दृश्य मी जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा माझा गळा दाटून येतो.

बाकीचे आकडे भरभर सांगते. बार्सिलोनासाठी 674 सामने आणि 32 चषक, त्यांत चार चॅम्पियन्स लीग आणि नऊ स्पॅनिश लीग. स्पेनसाठी 131 सामने. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘बालों द’ऑर’ त्याला कधीच मिळाला नाही. 2010 साली तो दुसरा आला, आणि हा पुरस्कार देणाऱ्या फ्रेंच नियतकालिकाने 2018 साली त्याबद्दल त्याची जाहीर क्षमा मागितली. ज्या आल्बासेते क्लबात वडील त्याला घेऊन जात, तो क्लब 2013 साली खेळाडूंचे पगार थकवून खालच्या वर्गात ढकलला जाण्याच्या बेतात होता; तेव्हा यानेच 2 लाख 40 हजार युरो उसने देऊन तो वाचवला. बार्सिलोनाचा निरोप घेतल्या रात्री, 20 मे 2018 रोजी, सगळे घरी गेल्यावर तो रिकाम्या स्टेडियमच्या मध्यभागी अनवाणी एकटाच बसून राहिला होता. त्याचे ते छायाचित्र मी या पत्रासोबत छापून पाठवत आहे.

त्याच उन्हाळ्यात तो इथे आला. व्हिसेल कोबे हा मोठी पुण्याई असलेला क्लब नव्हे. त्याचा पहिला सराव 17 जानेवारी 1995 रोजी ठरला होता, आणि नेमक्या त्याच पहाटे कोबे भूकंपाने उद्ध्वस्त झाले. अशा शहरात त्याला पहिला गोल करताना मी प्रत्यक्ष पाहिले. ऑगस्ट 2018, इवाता संघाविरुद्ध. सहकारी पोडोल्स्कीचा चेंडू आला, पाठीवर माणूस होता. इनिएस्ताने एका स्पर्शात स्वतःभोवती गिरकी घेतली, तो माणूस मागे राहिला, मग गोलरक्षकालाही वळसा घातला. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध जपानी गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते नुसते डोळ्यांना रुमाल लावून बसले. 1 जानेवारी 2020 रोजी तोक्योत सम्राट चषक जिंकून क्लबने आपल्या इतिहासातला पहिला चषक मिळवला, तेव्हा कर्णधार तोच होता.

शेवट मात्र गोड झाला नाही, तेही सांगितले पाहिजे. 2023 साली संघाने धावून धावून समोरच्यावर दडपण आणणारी पद्धत स्वीकारली आणि एकोणचाळिशीला आलेल्या हाफला त्यात जागा उरली नाही. 1 जुलैला तो कोबेसाठी शेवटचा खेळला. सामना बरोबरीत सुटला. त्याच वर्षी क्लबने पहिल्यांदा जपानची लीग जिंकली, पण तोवर तो आखातातल्या एका क्लबाकडे गेलेला होता. 1 जुलैच्या त्या संध्याकाळी मैदानात उभे राहून त्याने लोकांचे आभार मानले आणि माझ्या भोवतीचे सगळे स्टेडियम रडले. मला त्या वेळी बाबांची शेवटची मॅच आठवली. गुडघ्याला पट्टी बांधून तुम्ही घरी आलात आणि बूट माळ्यावर टाकलेत, त्याबद्दल पुढे एक शब्दही बोलला नाहीत.

यंदा दिवाळीला सुटी मिळत नाही, त्याबद्दल आईने रागावू नये. मी जानेवारीत येत आहे. तेव्हा शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू असेल. बाबांनी मला पूर्वीसारखे शेजारी बसवून कोणता पोरगा मान फिरवून खेळतो ते दाखवावे. तोपर्यंत मला एका गोष्टीचे उत्तर पत्राने पाठवा. त्या रात्री स्वारगेटवरून निघालेल्या गाडीत परत फिरू या, असे कोणी म्हटले होते का, आणि म्हटले असेल तर कोणी कोणाला अडवले?

तुमची लेक