दुर्बिणीचं सांगून पोट उघडलं म्हणे

प्रिय सुरेखा,

रात्रपाळी सुटल्यावर द्वारकाच्या जॅममध्ये रिक्षात बसून तुझा मेसेज वाचला, पोराचं अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झाल्याचा. फोनवर तू नुसती रडत बसली असतीस, म्हणून लिहितेय.

सासूबाई म्हणतात डॉक्टरांनी दुर्बिणीचं (छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून करतात ते) ऑपरेशन सांगून पोट फाडलं, फसवलं. अगं तसं नसतं गं. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये दुर्बिणीची केस असली तरी ओपनचा, म्हणजे पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा, हत्यारांचा सेट वाफेने निर्जंतुक करून शेजारच्या ट्रॉलीवर ठेवायचाच, दर केसला. स्क्रीन नीट दिसावी म्हणून लाइट मंद केलेले, पोटात गॅस भरलेला, बेंबीतून कॅमेरा आत, आणि अपेंडिक्स फुटलेलं असलं की काय दिसतं, तर आतडी एकमेकांना चिकटलेली, मधे मधे पू, अपेंडिक्सचं बूड कुठंय तेच सापडत नाही. सर्जन सर जरा वेळ हळूहळू सोडवून बघतात, मग म्हणतात "लाइट लावा", म्हणजे आता पोट उघडायचं. तेव्हा मला तरी हायसं वाटतं, कारण हट्टाने ओढून आतडं फाटलं तर ते कितीतरी वाईट.

आता दुर्बीण चांगली की ओपन, तर फुटलेल्या केसमधेही जमत असेल तर दुर्बीणच, हे माझं मत. जखम चिघळायचं प्रमाण कमी, पोरगं लवकर घरी, पुढे आतडी चिकटून अडकायची भीतीही कमी. खर्च आणि वेळ मात्र जास्त. पूर्वी म्हणायचे की दुर्बिणीनंतर पोटात पू जास्त साठतो, जुन्या अभ्यासांत तसं दिसलंही होतं, पण डॉक्टरांचा हात बसत गेला तसा तो फरक बराच कमी झाला. (पहिलं दुर्बिणीचं अपेंडिक्स 1980 मध्ये जर्मनीत कुर्ट झेम नावाच्या गायनॅकने काढलं, सर्जन लोक केवढे चिडले होते त्याच्यावर!)

आणि "नीट धुतलं नसेल आतून" हे जे भावजी म्हणतायत ना, त्यांना सांग, अमेरिकेत कॅन्सस सिटीला फुटलेल्या अपेंडिक्सच्या 220 मुलांवर ट्रायल झाली, 2012 ला छापून आली, सगळ्यांचं दुर्बिणीनेच केलं, अर्ध्यांचं पोट सलाईनने धुतलं, अर्ध्यांचा पू नुसता सक्शनने ओढला, तर दोन्हीकडे साधारण 18-19 टक्के मुलांना नंतर पोटात पू झालाच. म्हणजे धुण्यावर नसतं सगळं, मुळात ते फुटलेलं असतं म्हणून होतं.

दोन दिवस ओआरएस पाजत बसले म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस, लहान पोरांना कुठं दुखतंय ते धड सांगता येत नाही, उलटी-जुलाब बघून सगळ्यांना पोट बिघडलंय असंच वाटतं.

आता लक्ष कुठं ठेवायचं ते सांगते. साधारण आठवड्याभरात परत ताप चढला, पोट दुखायला लागलं, खाणं सोडलं, किंवा चिकट जुलाब सुरू झाले तर घरी क्रोसिन देत बसू नका, सरळ दाखवून सोनोग्राफी करा. पू साठला तरी बऱ्याचदा अँटिबायोटिकवर जिरतो, नाहीतर सुईने काढतात, परत पोट उघडायची वेळ फार क्वचित येते. गोळ्यांचा कोर्स मात्र डॉक्टरांनी सांगितलाय तेवढा पूर्ण, बरं वाटलं म्हणून मधेच बंद नाही.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. गुरुवारी सुट्टी आहे, सासूबाईंशी मीच बोलते.

तुझी,
मंगल