तुटलेला रेल पाठवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

विचारलं होतं इतकंच, की १:२५ मापाच्या प्लास्टिक मॉडेलमधल्या ट्रॅक्टरची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकची, फ्रेम ४० मिलिमीटरने लांबवली की ती दर वेळी पिळते का. उत्तरादाखल पाकिटातून आला काळ्या प्लास्टिकचा एक तुटका रेल (फ्रेमच्या दोन लांब दांड्यांपैकी एक) आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: "हा माझा तिसरा. पहिले दोन रागाने फेकले. तुटलेली कड भिंगाखाली बघा, मग पुढचं बोलू."

हे पत्र त्या चिठ्ठीसाठी. दोन ओळी खासगीत कळवून भागलं असतं, पण हाच प्रश्न आधी चारचौघांत विचारून झाला होता, तेव्हा आभारही चारचौघांतच मानलेले बरे. तिथे एकाने "चांगला ग्लू वापरा" म्हटलं; कुठला, ते नाही. दुसऱ्याने नवशिक्यांनी फ्रेमला हात लावू नये असं बजावलं. तिसऱ्याने स्वतःच्या चकचकीत ट्रकचे सहा फोटो टाकले, सगळे वरून घेतलेले, फ्रेम एकातही दिसेना. आणि तयार लांब फ्रेम विकणाऱ्या एकाने जी पाठवली ती केळ्यासारखी वाकडी निघाली. तक्रार केल्यावर म्हणाला, रंग दिला की कळत नाही. रंगाने फ्रेम सरळ होत असती तर आणखी काय हवं होतं!

तुमच्या रेलची कड भिंगाखाली धरली आणि सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिसलं. बाहेरची जेमतेम अर्धा मिलिमीटरची किनार वितळून एकजीव झाली होती. आतला भाग कोरा, करवतीचे तिरपे ओरखडे जसेच्या तसे. म्हणजे जोड बाहेरून पक्का दिसत होता आणि आत दोन तुकडे एकमेकांना टेकलेसुद्धा नव्हते. पातळ ग्लू प्लास्टिकला चिकटत नाही, तो पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिकच, विरघळवतो आणि दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात. मिसळायला ते आधी टेकायला हवेत. करवतीचा काप कधीच सपाट नसतो. पट्टीला चिकटवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर कड उभी धरून घासली तरच तो सपाट होतो. फट पुट्टीने भरली तर वरून छान दिसतं, पण पुट्टीत ताकद नसते. सुपरग्लू कडक होतो खरा, पण ठिसूळ. रेल किंचित वाकला की काचेसारखा सुटतो.

तुम्ही त्या रेलवर पांढऱ्या पेन्सिलीने एक बाण काढला होता. तो बाण तुटलेल्या जागेकडे नव्हता, समोरच्या रेलचा काप जिथे आला असणार तिकडे होता. दोन्ही रेल एकाच रेषेत कापले की संपूर्ण फ्रेमची कमजोर जागा एकच होते. वर एका बाजूचा जोड आधी सुकतो, दुसरा नंतर, आणि उशिरा सुकणारा जोड आकसताना फ्रेमला आपल्याकडे ओढतो. पीळ पडतो तो इथे. हातात धरून उलटा पिळून तो जात नाही. तेवढ्यापुरता गेल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी परत येतो.

मागून आलेल्या तुमच्या चित्राप्रमाणे आता काम असं होतं. एका रेलचा काप दुसऱ्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर पुढे. काप सरळ आडवा नाही, पायरीचा: वरचा अर्धा भाग एका जागी, खालचा अर्धा १० मिलिमीटर पुढे, म्हणजे ग्लूला आडवी जागाही मिळते. भर घालायचा तुकडा त्याच उंचीच्या सी-चॅनेलचा, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराच्या पट्टीचा. आतून १ मिलिमीटर जाडीच्या स्टायरीनची पट्टी, दोन्ही जोडांच्या पलीकडे २०-२० मिलिमीटर जाणारी. ४० ची भर आणि १० ची पायरी धरली तर पट्टी निदान ९० ची लागते. खऱ्या ट्रकलाही जड कामासाठी आतून दुसरा रेल बसवतात, त्यामुळे ही पट्टी डोळ्यांना खटकत नाही, उलट शोभते. मग प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना ०.८ मिलिमीटरच्या पितळी तारेचे आडवे रिव्हेट. यांना मात्र सुपरग्लूच, कारण पातळ ग्लू धातूवर काहीच काम करत नाही. तारेची टोकं पूर्ण घासायची नाहीत, किंचित वर ठेवली की बोल्टची डोकी वाटतात. हे सगळं झाल्यावर २४ तास हात लावायचा नाही, हे तुम्ही तीनदा अधोरेखित केलं होतंत. एकदा पुरलं नसतं, हे खरं.

आणि काच! जाड सपाट काचेवर फ्रेम ठेवायची, चाकं नुसती अडकवायची, आणि साध्या कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघायची. पट्टी जिथे सहज जाते ते चाक अधांतरी. डोळ्याला न दिसणारा दोष कागदाला सापडतो. क्रॉस मेंबर, म्हणजे दोन रेलना जोडणारे आडवे दांडे, जोडताना पुढचा आणि शेवटचा आधी, तेही नुसते थेंबभर ग्लूने, दोन्ही रेल सरळ ठोकळ्यांना टेकवून. मग काच, मग कागद, मग उरलेले. एका रेलला सगळे क्रॉस मेंबर लावून शेवटी दुसरा रेल दाबून बसवला की पीळ आपल्याच हाताने भरला जातो, आणि कित्येक किटच्या माहितीपत्रकात नेमका हाच क्रम असतो. बाहेरून बाहेर रुंदी ३४.५ मिलिमीटरच्या आसपास हवी, कारण खऱ्या अमेरिकन ट्रकची फ्रेम साधारण ३४ इंच रुंद असते.

पण तुमचा पहिला प्रश्न ग्लूबद्दल नव्हताच. "ट्रक कुठल्या सालचा?" असं विचारलंत. तेव्हा हा प्रश्न अवांतर वाटला, आता तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ४० मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात एक मीटर. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याआधी अनेक राज्यांत ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती, म्हणून इंजिनावर केबिन असलेले आखूड ट्रक चालायचे. त्या कायद्याने राष्ट्रीय मार्गांवर एकूण लांबीचं बंधन उठलं, हिशेब ट्रेलरच्या लांबीवर आला, आणि लांब नाकाच्या, लांब फ्रेमच्या, मोठ्या स्लीपरच्या (केबिनमागच्या झोपायच्या खोलीच्या) ट्रकना रान मोकळं झालं. पीटरबिल्ट ३५९ हे मॉडेल १९६७ ते १९८७ चं. त्याची फ्रेम ताणून वर ऐसपैस स्लीपर बसवायचा असेल तर ट्रक त्या काळाच्या शेवटाकडचा धरावा, आणि मागचा ट्रेलरही त्याला साजेसा. ७० च्या दशकातला रंग, त्यावर मीटरभर जादा फ्रेम आणि मागे ५३ फुटी ट्रेलर असं कडबोळं बघितलं की जाणकाराचा चेहरा आंबट होतो.

ट्रेलरवरून आठवलं. १:२४ आणि १:२५ "जवळजवळ सारखंच" म्हणणारे कमी नाहीत. ५३ फुटी ट्रेलर १:२५ मध्ये ६४६ मिलिमीटर भरतो, १:२४ मध्ये ६७३. बरं, लांबीचं सोडा. खऱ्या ट्रकचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलर अडकवायची तबकडी, जमिनीपासून साधारण ४८ इंचांवर असतं, म्हणजे १:२५ मध्ये ४८.८ मिलिमीटर आणि १:२४ मध्ये ५०.८. मोठ्या मापाच्या (१:२४) ट्रॅक्टरवर लहान मापाचा (१:२५) ट्रेलर चढवला की हे दोन मिलिमीटर ट्रेलरचं नाक वर करतात आणि सगळी गाडी मागे बसल्यासारखी दिसते. तुम्ही हे एका ओळीत सांगितलंत: "ट्रेलर आभाळाकडे बघत असेल तर माप तपासा."

फ्रेम लांबली की ड्राइव्ह शाफ्टही (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) तेवढाच लांबतो, हे विसरणारे तर असंख्य. शाफ्ट आखूड राहिला की गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमध्ये हवा. नुसती नळी लांबवली तरी अर्धंच झालं, इतक्या लांब शाफ्टला मध्ये क्रॉस मेंबरवर बेअरिंगचा आधार लागतो. केबिनमागे ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या एक लाल, एक निळी: लाल पुरवठ्याची, निळी ब्रेक दाबण्याची. खरी नळी अर्ध्या इंचाची धरली तर ०.५ मिलिमीटरची वायर बरोबर बसते. एक मिलिमीटरची लावली की बागेतला पाइप.

क्रोम आणि टायरबद्दल तुम्ही फार लिहिलं नाहीत, तेच योग्य. किटचं क्रोम कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये बुडवलं की उतरतं, खाली पारदर्शक लाखेचा थर राहतो. खिडकी उघडी ठेवायची आणि त्या ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया चुकूनही मिसळायचा नाही. मऊ व्हिनाइल टायरमधलं तेलकट रसायन प्लास्टिकच्या रिमला हळूहळू खातं, तेव्हा रिमला आतून फॉइलचा वेढा द्यावा. बस.

काका, तयार ट्रक दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्यात वाईट काही नाही, कौतुक कुणाला नको असतं? पण आपला फसलेला तुकडा जपून ठेवायचा, त्यावर बाण काढायचा आणि ओळख ना पाळख अशा माणसाला पाकिटात घालून पाठवायचा, याला वेगळं मन लागतं. त्या चिठ्ठीत "मी सांगितलं होतं" कुठेच नव्हतं. "हा माझा तिसरा" या तीन शब्दांनी जेवढा धीर दिला तेवढा पन्नास सल्ल्यांनी दिला नव्हता. विचारणाऱ्याला लहान न करता उत्तर देता येतं, हे इतकं दुर्मीळ का असावं कोण जाणे.

सोबत फोटो जोडला आहे. फ्रेम काचेवर आहे, रंग अजून दिलेला नाही, मुद्दामच. पुढची दोन चाकं आणि मागच्या चार जोड्या, सहाही ठिकाणी कागद अडतो. डावीकडच्या शेवटच्या जोडीखाली अडतो पण जरा जोर लावला की जातो. ते चालेल, की पुन्हा उघडावं?

आणि तुमचा रेल परत पाठवायचा का, ते कळवलं नाहीत. तुमचं उत्तर येईपर्यंत तो काचेशेजारीच राहील, चिठ्ठीसकट.

आपला कृतज्ञ,
४० मिलिमीटरवाला