केसपेपरवर झोपेचा रकाना का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत हृदयविकारावर लेख आला होता. कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू, व्यायाम, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. झोपेवर मात्र एक ओळही नव्हती. मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली एकोणीस हृदयरोग अतिदक्षता विभागात. ही उणीव माझ्या ओळखीची आहे, कारण आमच्या केसपेपरवरही ती होती. वय, बीपी, मधुमेह, तंबाखू, घरात कुणाला हृदयविकार, असे सगळे रकाने होते. ‘झोप कशी लागते’ हा नव्हता. आणि रकाना नव्हता म्हणून मीही कधी विचारलं नाही.

मॉनिटर तर रोज रात्री सांगत होता. दिवसभर 84-86 वर असलेली नाडी माणूस गाढ झोपला की उतरत उतरत 58 वर यायची. हृदयात ठोके सुरू करणारं स्वतःचं केंद्र असतं. त्याला एकट्यालाच सोडलं तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी साठ-सत्तरवर राहते ती व्हेगस या मज्जातंतूने लगाम धरलेला असतो म्हणून. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 साली एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, त्या हृदयातला द्राव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला आणि तेही मंदावलं. पुढे 1936 मध्ये हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. हा प्रयोग मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ कळला तो रात्रपाळीत, त्या हिरव्या रेषेकडे बघताना.

उलटी बाजूही तिथेच दिसायची. झटक्यातून सावरणारे एक गृहस्थ शांत पडून होते, नाडी 72. कामावरून फोन आला. चार मिनिटं ते फक्त ऐकत होते, हातसुद्धा हलवला नाही, आणि आकडा 104 वर गेला. समोर वाघ असो की फोनवरचा आवाज, संकटात शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था अॅड्रेनॅलिन सोडते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो. फोन ठेवल्यावर नाडी पूर्वपदावर यायला वीस मिनिटं लागली. सकाळी राऊंडला डॉक्टर त्यांना म्हणाले, “टेन्शन घेऊ नका,” आणि पुढच्या खाटेकडे वळले. हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. त्याने एकाचीही नाडी खाली आलेली मी पाहिली नाही. त्यापेक्षा मी शेजारी बसून श्वास हळूहळू, लांबवत सोडायला सांगायची. श्वास सोडताना व्हेगसचा लगाम घट्ट होतो आणि ठोके मंदावतात, ते पडद्यावर दिसायचं. अर्थात हे गोळ्यांऐवजी करायचं नाही. आणि छातीत दुखत असेल तर श्वासाचे प्रयोग करत बसायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. ज्यांचा येत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो. हे ठाऊक असूनही आम्ही पहाटे चारला दिवे लावून रक्त काढायचो, कारण रिपोर्ट राऊंडच्या आधी यायला हवेत. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

त्याहून वाईट माझ्या घरातलं. माझ्या पतींचं बीपी तीन गोळ्या चालू असूनही आटोक्यात येत नव्हतं. दर भेटीला डोस वाढायचा. झोपेबद्दल कुणी विचारलं नाही. आणि मी? मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी झोपत होते. मोठ्याने घोरणं, मग एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा धाप टाकत घेतलेला श्वास. ती शांतता म्हणजे श्वास थांबलेला असतो, रक्तातला प्राणवायू उतरत असतो, मेंदू घाबरून हृदयाला दामटत असतो, हे दुसऱ्याच्या पतीबाबत मी लगेच ओळखलं असतं. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सोडून मला विचारलं, “हे घोरतात का?” चोवीस तासांच्या बीपी यंत्रात रात्रीचा दाब अजिबात उतरत नसल्याचं दिसलं. स्लीप स्टडीत तासाला 34 वेळा श्वासात अडथळा निघाला. आता ते सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, लावून झोपतात. एक गोळी कमी झाली, दोन चालू आहेत. यंत्र म्हणजे जादू नव्हे. 2016 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात सीपॅपने झटके कमी झाल्याचं दिसलं नाही, पण त्यातले लोक ते रात्री सरासरी तीन तासांच्या थोडं वरच वापरत होते. आमच्या घरी ते रात्रभर चालतं, यावर माझं लक्ष असतं.

हा माझा एकटीचा हट्ट नाही. हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालच्या 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने 2004 मध्येच हृदयविकाराच्या झटक्याच्या नऊ प्रमुख कारणांत मानसिक ताणाला जागा दिली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये हृदयस्वास्थ्याच्या आपल्या यादीत झोपेची भर घातली. प्रौढांसाठी सात ते नऊ तास.

तेव्हा डॉक्टरांना आणि माझ्या परिचारिका भगिनींना विनंती आहे. छापील रकाना येईल तेव्हा येईल. तोवर समासात पेनाने लिहा: किती तास झोपतात, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का. आणि घोरण्याचा प्रश्न रुग्णाला विचारू नका, शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. ते माणूस बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर बसलेलं असतं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका