सूचना : जुने फुटबॉल फोटो रविवारी घेऊन या

मंडळी नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आपल्या तालमीत सगळ्यांनी जमायचं आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलच्या जुन्या आठवणी जमवून ठेवायचं आता लांबवायला नको. जाणती माणसं कमी होत चालली आहेत.

काय आणायचं :

• शाहू स्टेडियमवरचे फोटो, कात्रणं, पदकं, जर्सी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, कुठल्याही संघाचं चालेल. इथं पेठ बघायची नाही.

• फोटोमागं नावं पेन्सिलीनंच लिहा. परवा एका फोटोत बॉलपेनचे वळ थेट गोलकीपरच्या चेहऱ्यावर उमटलेले दिसले, फार वाईट वाटलं.

• घरातल्या वयस्कर खेळाडूंना सोबत आणा. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे, मोबाईल चार्ज करून या.

२०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारत पहिल्यांदाच फिफाच्या विश्वचषकात उतरला, आणि त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. त्या सामन्यांची कात्रणं कुणाकडं असतील तर नक्की आणा. पोरांना ती दाखवायचीच आहेत.

मूळ फोटो आम्ही ठेवून घेणार नाही, तिथंच स्कॅन करून लगेच परत देऊ. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.