निकेल अ‍ॅल्युमिनाइडची भट्टी समजावून देणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

आर्वीकडच्या आमच्या वर्कशॉपात निकेल अ‍ॅल्युमिनाइडच्या, म्हणजे निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भुकट्या मिसळून, दाबून आणि तापवून होणाऱ्या संयुगाच्या, गोळ्या आता भट्टीतून घट्ट निघताहेत, त्या तुमच्यामुळे. अ‍ॅल्युमिनियम वितळलं की पुढचं काम अभिक्रियेची उष्णताच करते, एवढं पुस्तकात असतं. त्याआधी काय काय जुळावं लागतं ते तुम्ही कारणासकट सांगितलंत. इथल्या आयटीआयच्या पोरांच्याही कामी यावं म्हणून पत्र सगळ्यांसमोर ठेवतो.

तीन अणू निकेलला एक अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 86.7 ग्रॅम निकेल, 13.3 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. वजनाला किरकोळ दिसणारं अ‍ॅल्युमिनियम आकारमानाने एक तृतीयांश जागा घेतं, हा हिशेब तुम्ही मांडलात तेव्हा दाण्याचं महत्त्व कळलं. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम निकेलच्या फटींत ओढलं जातं आणि त्याच्या जागी पोकळी उरते; दाणा जाड तर भोक मोठं. निकेलचा दाणा 3 ते 7 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आणि अ‍ॅल्युमिनियमचा 15 च्या आसपास, हे तुमचं माप आम्ही धरून आहोत.

दाबाचंही तसंच. 13 मिमी व्यासाच्या डायला (गोळी दाबायच्या साच्याला) 4 टन, म्हणजे सुमारे 300 मेगापास्कल. झिंक स्टिअरेट, म्हणजे गोळी साच्याला चिकटू नये म्हणून लावायचं वंगण, फक्त डायच्या भिंतीला, भुकटीत नाही. गोळी फार दाबली तर आतला वायू कोंडतो, सैल राहिली तर दाणे एकमेकांना टेकत नाहीत.

श्रावणातल्या दमट हवेत भुकटी ओल धरते. ती ओल अभिक्रियेच्या वेळी हायड्रोजन होऊन गोळी फुगवते. म्हणून व्हॅक्यूममध्ये 300 अंशांवर गोळी थांबवायची आणि मगच चढायचं. व्हॅक्यूमऐवजी आर्गॉन वायूत तापवलं तर तो बंद छिद्रांत अडकून बसतो, व्हॅक्यूममध्ये तो प्रश्नच नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट चढण्याच्या वेगाची. 400 च्या पुढे रेंगाळलं की घन अवस्थेतच दाण्यांभोवती संयुगाचा थर धरतो, अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं आणि 640 अंशांजवळ द्रव पुरेसा होत नाही. मिनिटाला 15-20 अंश हवेतच. इकडे मध्येच लाइन जाते. 550 वर गेली तर ती गोळी बाजूला काढायची, पुन्हा तापवायची नाही, हा तुमचा नियम आम्ही भिंतीवर लिहिलाय. अभिक्रियेनंतर 1200 अंशांवर तासभर.

आणि लोहचुंबकाची परीक्षा! पूर्ण झालेलं अ‍ॅल्युमिनाइड घरच्या तापमानाला चुंबकाला चिकटत नाही, उरलेलं निकेल चिकटतं. दोन सेकंदांत निकाल. घनतेसाठी मात्र पाण्यात तोलणंच खरं. पूर्ण घट्ट माल 7.5 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. भुकटी स्वतः सरासरी 6.8 ची, म्हणजे छिद्रं एकही नसती तरी अभिक्रियेत 9 टक्के आकसणारच.

निकेलची भुकटी फुफ्फुसात जाता कामा नये म्हणून मास्क, अ‍ॅल्युमिनियमची धूळ हवेत उडू द्यायची नाही, पेटली तर पाणी नाही, कोरडी वाळू. हे तुम्ही प्रत्येक भेटीत पुन्हा बजावलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

आता 0.1 टक्का बोरॉन घालायचा आहे. 1979 मध्ये आओकी आणि इझुमी यांनी दाखवलं की त्याने या ठिसूळ मिश्रधातूला वाकण्याचा गुण येतो. दिवाळीनंतर पहिली गोळी तुमच्या समोर दाबू, गाडी आम्ही पाठवतो.

आपले,
वर्कशॉपमधले सगळे